पावलावरची नाडी

"कितवं बाळंतपण?" मी विचारलं.

"चौथं," द्वारका म्हणाली. "आदीची तीन हायत. घोड्यावानी."

"मधे एखादं दगावलंय का?"

"न्हाई बया. माज्या एकाला बी कदी साधा गोवर आला न्हाई."

दारात उभी असलेली दुसरी बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. गुंडाळून झालं की सोडायची आणि पुन्हा गुंडाळायची. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. पेशंटबरोबर येणाऱ्या माणसांना मी मनातल्या मनात 'गर्दी' म्हणायची, आणि गर्दीकडे बघायला मला सवड नसायची.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. मुंबईला जाऊन मोठ्या झालेल्या गावच्या कुणा माणसानं तिथं हृदयाची सोनोग्राफी करायचं मशीन देणगी दिलं होतं. मशीन आलं, पण ते चालवणारं माणूस काही येईना. त्याच सुमाराला पुण्यात माझ्या घटस्फोटाचा निकाल लागला होता आणि पुण्यात राहायचं नाही एवढीच एक गोष्ट मला कळत होती. मी लहान मुलांच्या हृदयाचं शिकलेली, तेव्हा मशीनचं आणि माझं जमलं. आजूबाजूच्या चार तालुक्यांत तान्ह्या बाळाचं हृदय बघणारी मी एकटी होते. याचा अभिमान वगैरे वाटायला हवा होता. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की शंका आली तर विचारायला कोणी नाही.

हॉस्पिटलच्या मागे क्वार्टर होतं, डबा यायचा, रेडिओ होता. "मिस्टर कुठं असतात?" असं गावात जो भेटेल तो विचारायचा. पहिल्या आठवड्यातच मी "अमेरिकेत" म्हणून टाकलं होतं. अमेरिका म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत. फार तर तिकडं थंडी किती असते ते विचारतात.

द्वारकेच्या पदरातला मुलगा पाच-सहा दिवसांचा होता. घरीच झालेला. पाचवी पुजून झाली होती. दूध ओढताना दमतो, कपाळाला घाम येतो, पोट भात्यासारखं हलतं, म्हणून आणला होता. द्वारका चांगली उंचीपुरी, कानाला बाळंतिणीचा स्कार्फ घट्ट बांधलेला, बोलायला खणखणीत. दुसरी बारीक, सावळी, पंचविशीची असेल. डोक्यावर नुसता पदर.

"ही कोण?"

"मालन. माजी भन," द्वारका म्हणाली. मग म्हणाली, "म्हंजी शेजारीन. भनीवानीच."

बाळाला तपासलं. छातीवर नळी ठेवली तर ठोक्यांबरोबर सूं सूं असा आवाज येत होता. हाताची नाडी लागत होती, जांघेतलीही लागत होती. त्याला घेऊन मशीनच्या खोलीत गेले. ती पूर्वी चादरी-उशा ठेवायची खोली होती. खिडकीला काळा पडदा लावलेला, आत भर दुपारीही अंधार. टेबलावर ठेवल्याबरोबर त्यानं टाहो फोडला.

मशीनच्या पडद्यावर हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत एक भोक दिसलं. शिवाय एक नस उघडी होती. पोटात असताना प्रत्येक बाळाला ती लागते, जन्मानंतर थोड्या दिवसांत ती आपोआप मिटते. याची अजून मिटायची होती, त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. आता राहिली महाधमनी, म्हणजे हृदयातून निघून कमानीसारखी वळून खाली पोटाकडं जाणारी मोठी रक्तवाहिनी. ती बघायची तर मान मागं करून गळ्याच्या खळगीत मशीनचं टोक धरावं लागतं आणि बाळ गप्प असावं लागतं. हा पठ्ठ्या हातपाय झाडत होता. पाटोळे सिस्टरनी मध लावलेलं बोट तोंडात दिलं, तेही त्यानं थुंकून टाकलं. कमान क्षणभर दिसली आणि गेली. ठीक वाटली.

त्या गोंधळात माझं लक्ष मालनकडं गेलं. बाळ रडायला लागल्यापासून ती भिंतीकडं तोंड करून उभी होती, दोन्ही हात छातीवर घट्ट आवळून. वळली तेव्हा तिची चोळी भिजलेली दिसली. पदरातूनही ओल आली होती.

मी सिस्टरकडं बघितलं. सिस्टर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सकाळपासून दोनदा पाण्याच्या टाकीमागं गेली. पिळून टाकते. गेलं असणार हो तिचं."

मलाही तेच वाटलं. ओली बाळंतीण, मांडीवर मूल नाही आणि शेजारणीचं बाळ टाहो फोडतंय. मला तिची कीव आली, आणि खरं सांगायचं तर तिनं तिथं उभं राहू नये असंही वाटलं. दुसऱ्याचं दुःख अंगाला लागू द्यायची माझी त्या वर्षी तयारी नव्हती. माझं माझ्यापुरतं पुष्कळ होतं.

मी द्वारकेला समजावलं. भोक आहे, पण पुष्कळदा ते आपसूक लहान होत जातं. औषध देते, थोडं थोडं पाजा, महिन्यानं परत आणा. द्वारकेनं छताकडं बघून हात जोडले. "बारसं करायला हरकत न्हाई न्हवं?"

"थाटात करा."

ती बाळाला घेऊन तरातरा निघाली. व्हरांड्याच्या पायऱ्या तिनं बाळाला छातीशी धरून भराभर उतरल्या. मागून मालन, कठड्याला धरून, एकेक पायरी.

गावाकडची जीप फाटकाशी उभी होती. मी पुढच्या पेशंटला बोलवायला सांगितलं आणि मशीन पुसायला घेतलं, तर दाराचा पडदा बाजूला करून मालन परत आत आली.

"टोपडं ऱ्हायलं."

टेबलाच्या कडेला होतं. मी उचलून दिलं. ते तिनं घेतलं, पण ती जाईना.

"बाई, एक इचारू?"

"विचारा की."

"एखादीची दोन पोरं आशीच गेल्याली आसली तर? बारशाच्या आदी. आशीच धापा टाकायची. पाजताना आसाच घाम. अन मग एकाच दिसात न्हाई झाली आसली तर?"

"कशी गेली?"

"आदी पाय गार पडलं," ती म्हणाली. "वरचं अंग गरम अन पाय निस्तं थंडगार. किती चोळलं तरी ऊन येईना. मग रडायचं थांबलं. सांजच्याला न्हाई."

माझ्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

वरचं अंग गरम आणि पाय गार. याचा अर्थ रक्त हातांपर्यंत येतं, खाली पोहोचत नाही. महाधमनीची कमान हातांना आणि डोक्याला फांद्या देऊन पुढं वळते, तिथंच ती आवळलेली असली तर असं होतं. मग पायांना रक्त देते ती दुसरी नस, जन्मानंतर मिटणारी. ती उघडी आहे तोवर सगळं झाकून राहतं. जांघेतली नाडी लागते, डॉक्टर फसतात, बाळ घरी जातं. आणि ज्या दिवशी ती मिटते त्या दिवशी बाळ जातं. हा दोष काही घरांत एकाच आईच्या एकाहून जास्त मुलांना होतो. आणि मला जी जागा धड दिसली नव्हती, ती नेमकी तीच होती.

पण हे सगळं, ती मुलं या बाळाची भावंडं असतील तर. द्वारकेची तीन तर घोड्यासारखी होती.

"कुणाची होती ती दोन?"

"एखादीची."

"एखादीची म्हणजे?" माझा आवाज चढला. तो तेव्हा लवकर चढायचा. "मला एखादी नको. त्या बाईचं आणि या बाळाचं काही नातं आहे का, तेवढं सांगा. असलं तर हा घरी जाणार नाही. याला आत्ता, या मिनिटाला एक औषध लावावं लागेल, आणि त्या औषधानं कधीकधी बाळाचा श्वास थांबतो. नुसत्या संशयावर मी ते लावणार नाही. शेजारणीची मुलं कशी गेली यावरून तर नाहीच."

बाहेर जीपनं हॉर्न वाजवला.

ती टोपड्याची नाडी ओढत उभी होती. मी तिच्याकडं बघितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा पेशंटकडं बघावं तसं बघितलं. द्वारकेच्या कानाला स्कार्फ होता, हिचे कान उघडे. द्वारका जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि हात न टेकता उठली होती. ही बाकावर बसली ती एका कुशीवर, हळूच, कड धरून. द्वारका पायऱ्या भराभर उतरली होती. ही कठड्याला धरून.

"मालन," मी म्हणाले, "ती दोन तुमची होती?"

"व्हय," ती लगेच म्हणाली. "ती माजीच. मेलेल्यांना माजं म्हनायला काय भ्याव?"

"आणि हा?"

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांब. ड्रायव्हरला घाई होती.

"मालन, हा कुणाचा?"

"आक्कानं सांगितलं की तुमास्नी."

"मी तुम्हाला विचारतेय."

तिनं खिडकीकडं बघितलं, दाराकडं बघितलं, कोणी ऐकत नाही ना असं. मग माझ्या अगदी जवळ आली. तिच्या अंगाला दुधाचा आंबूस वास येत होता.

"माजा हाय," ती म्हणाली. "ह्यो बी माजाच हाय."

म्हणाली आणि तिनं टोपडं तोंडावर दाबून धरलं, शब्द परत आत घालता येतो का बघावं तसं.

मी धावले. मशीनच्या खोलीत चपला काढून जायची पद्धत होती, तशीच अनवाणी धावले. जीप वळत होती. बॉनेटवर थाप मारून थांबवली आणि दुपट्यात हात घालून बाळाचं पाऊल धरलं. हाताचा पंजा उबदार होता. पाऊल त्याहून गार होतं. फार नाही, पण गार होतं. जांघेत बोट ठेवलं. तासाभरापूर्वी लागलेली नाडी आता हुडकावी लागत होती.

"खाली उतरा," मी द्वारकेला म्हणाले.

ती उतरली. माझ्यामागून येऊन उभ्या राहिलेल्या मालनकडं तिनं बघितलं आणि तिला सगळं समजलं.

"बोललीस?"

मालननं मान खाली घातली.

"आगं काय केलंस ह्ये," द्वारका म्हणाली. ती रागावली नव्हती. घाबरली होती. तिच्यासारखी खणखणीत बाई तेव्हा कुजबुजत होती.

काय झालं होतं ते मला त्या दोघींनी मशीनच्या खोलीत जाता जाता सांगितलं. दोन गेल्यावर तिसरा झाला, तेव्हा मालनच्या सासूनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. द्वारकेनं तिथून त्याला पदरात उचललं आणि बदल्यात सूपभर कोंडा मालनच्या दारात ओतला. कोंड्याला विकत घेतला. त्या घडीपासून तो द्वारकेचा. तिचं धाकटं अजून अंगावर पीत होतं, त्यामुळं दुधाचीही सोय होती. पाच वर्षं मालननं त्याला माझा म्हणायचं नाही, छातीशी धरायचं नाही. म्हणजे बाळं नेणाऱ्या सटवीला हा कुणाचा ते समजत नाही, आणि ती चुकते. डॉक्टरलाही खरं सांगायचं नाही, कारण एकदा का तोंडातून शब्द गेला की झालं.

सटवी चुकली की नाही मला माहीत नाही. मी मात्र चुकणार होते.

बाळाला पुन्हा टेबलावर ठेवलं आणि त्यानं पुन्हा टाहो फोडला. मला ती कमान बघायची होती आणि त्याला मला बघू द्यायची नव्हती. द्वारकेनं जवळ घेतलं, पाजायला बघितलं, तर तो तोंड फिरवून रडायला लागला.

"तुम्ही पाजा," मी मालनला म्हणाले.

ती एक पाऊल मागं गेली.

"पाज," द्वारका म्हणाली. तिनं स्वतःच्या कानाचा स्कार्फ सोडला आणि मालनच्या कानाला बांधला. "बोललीच हायस, आता पाज."

मालन टेबलावर चढून बसली. बाळानं चार-सहा घोट ओढले, धाप लागली म्हणून सोडलं, पुन्हा ओढलं आणि दमून तिच्या मांडीवरच झोपी गेलं. मी त्याला तिथून हलवलं नाही. तिच्या गुडघ्यांवरून त्याची मान अलगद मागं सोडली आणि टोक गळ्याच्या खळगीत धरलं.

खोलीत फक्त मशीनचा घर्र आवाज. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. ती पडद्याकडं एकदाही बघत नव्हती. खाली, त्याच्याकडं बघत होती. पाच-सहा दिवसांचं बघायचं राहिलेलं एकदम बघून घेत होती.

"तुमी एकट्याच ऱ्हाता व्हय हितं?" तिनं मधेच विचारलं.

"मिस्टर अमेरिकेत..." म्हणता म्हणता मी थांबले. माझे डोळे पडद्यावर होते. "नाही. सोडलंय आम्ही एकमेकांना."

"मग लोकास्नी तसं का सांगता?"

"विचारतात म्हणून."

"व्हय," ती म्हणाली. "इचारत्यात खरं."

त्या गावात आल्यापासून मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर वाटलं होतं तेवढं काही झालं नाही.

मग कमान आली. स्वच्छ आली. डोक्याची फांदी, हाताची फांदी, आणि त्यांच्या पुढं दोऱ्यानं आवळून धरल्यासारखी ती जागा. पलीकडं जे काही थोडं रक्त जात होतं ते मिटत आलेल्या त्या नसेतून. मी हात हलवला नाही. दोनदा, तीनदा बघितलं. विचारायला कोणी नव्हतं म्हणून मीच मला विचारलं आणि मीच हो म्हणाले.

नस उघडी ठेवायचं औषध मी येताना पुण्याहून आणून हॉस्पिटलच्या फ्रिजमध्ये लसींच्या मागं ठेवलेलं होतं. ते थेंब थेंब सुरू केलं. पुण्याच्या सर्जनना फोन लागला, ते म्हणाले, घेऊन या. ॲम्ब्युलन्स फाटकाशी लागली. श्वासाचं भय होतं म्हणून मी स्वतः बरोबर जाणार होते.

"आईनं बरोबर यायचं," मी म्हणाले.

मालननं बाळाला द्वारकेच्या हातात दिलं. स्कार्फ सोडून तोही परत दिला.

"अहो, तुम्ही," मी म्हणाले. "तिकडं तुमची गरज लागेल. दूध लागेल."

"मी न्हाई येत, बाई."

"का?"

"मी बोलले न्हवं."

"बोललात म्हणून तर तो वाचतोय!" मी ओरडलेच. ड्रायव्हर बघायला लागला. "न बोलता गेला असतात तर उद्या-परवा तोही गेला असता त्या दोघांच्या वाटेनं. हृदयाच्या नसा कुणाच्या बोलण्यानं मिटत नाहीत की उघडत नाहीत. मी डॉक्टर आहे, माझं ऐका."

"तुमचं खरंच हाय," ती शांतपणे म्हणाली. "म्या बोलले म्हनून तुमास्नी घावलं. पर बोलायचं नव्हतं ते बोलले, त्येचं कायतरी द्यायाला नगं? पाच वर्सं दिल्याला. आता सगळाच दिला. आक्का, त्यो तुजा. बाई हायत साक्षीला."

"मला साक्षीला धरू नका," मी म्हणाले.

"दुसरं कोन हाय हितं?" ती म्हणाली.

द्वारका रडायला लागली. मालन रडली नाही. ॲम्ब्युलन्सचं दार लागताना मी मागच्या काचेतून बघितलं, तर ती फाटकाशी उभी होती, एका पायावर भार देऊन. टोपडं तिच्या हातातच राहिलं होतं.

वाटेत फलटणच्या पुढं एकदा त्याचा श्वास थांबला. मी छातीवर टिचक्या मारून, फुगा दाबून तो परत आणला. पुण्यात त्याच रात्री ऑपरेशन झालं. सर्जननी आवळलेला तुकडा काढून दोन टोकं जोडली. भिंतीतलं भोक पुढं आपसूक मिटलं. तेवढं तरी मी सांगितलं तसं झालं.

बारसं दोन महिन्यांनी झालं. कोंड्याला घेतला म्हणून कोंडिबा. मला आमंत्रण होतं, मी गेले. द्वारकेचं आणि मालनचं घर एकाच भिंतीचं, इकडचा पाळणा हलला की तिकडं कुरकुर ऐकू जाणारं. पाळणा द्वारकेच्या घरात बांधला होता. मालन बायकांना पाणी देत होती. नाव ठेवताना ती पाण्याची कळशी भरायला म्हणून बाहेर गेली. तिला पुढं मूल झालं नाही. नवरा वीटभट्ट्यांवर, वर्षातले सात-आठ महिने बाहेर. सासू गेल्यावर त्या घरात ती एकटीच.

दरवर्षी ते तिघं तपासणीला यायचे. आत द्वारका आणि कोंडिबा, बाहेर बाकावर मालन. तो तिला मावशी म्हणायचा. मी हाताचं ब्लडप्रेशर बघायची, पायाचं बघायची, पावलाची नाडी बघायची. जोडलेल्या जागी पुन्हा आवळलं तर ती नाडी सगळ्यात आधी मंद होते.

तो पाच वर्षांचा झाला त्या वर्षी मी बाहेर जाऊन मालनजवळ बसले.

"पाच वर्षं झाली," मी म्हणाले.

"झाली."

"मग?"

"मग काय, बाई? तवाच सांगितलं की. सगळाच दिला."

"त्याला जवळ तरी घेता का कधी?"

"सनावाराला पाया पडतो," ती म्हणाली. "तेवडं घडतं."

माझ्याकडं औषधं होती, मशीन होतं, आणि सांगण्यासारखं काही नव्हतं. मला तेव्हा फार वाईट वाटलं, तिच्यासाठी आणि थोडं माझ्यासाठीही. मग उठून आत गेले आणि द्वारकेला मोठ्यानं म्हणाले, "हे बघा, नुसतं वर्षातून एकदा येऊन भागायचं नाही. दर महिन्याला याच्या पावलाची नाडी बघायला लागेल. घरी. नाजूक काम आहे, घाई करून चालत नाही. बोटं ठेवून शांतपणे बसावं लागतं. तुम्हाला जमेल का?"

दर महिन्याला बघायची काही गरज नव्हती. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

द्वारकेनं माझ्याकडं बघितलं. मग पडद्याकडं बघितलं, ज्याच्या पलीकडं बाक होता. बाई हुशार होती, आणि मनानं फार मोठी.

"मला कुटलं जमायला, बाई," ती म्हणाली. "माजी बोटं भाकरी भाजून भाजून मेल्याली. मालनला शिकवा. तिला घावंल."

मी मालनला आत बोलावलं. कोंडिबाला टेबलावर बसवलं, त्याचा पाय तिच्या मांडीवर ठेवला आणि तिची दोन बोटं धरून पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या शिरेजवळ टेकवली.

"मावशे, हात किती गार हायत तुजं," कोंडिबा हसत म्हणाला. त्याला गुदगुल्या होत होत्या.

"हलू नगंस," ती म्हणाली. "डाक्टरीनबाईंनी सांगितलंय."

गेल्या वर्षी तो आला होता. आयटीआय करून तो तिकडच्या पठारावर पवनचक्क्यांच्या कामाला लागलाय. उंचावर चढायचं म्हणून कंपनीला तब्येत ठीक असल्याचं डॉक्टरचं पत्र हवं होतं. सगळे त्याला के. डी. म्हणतात. द्वारकेचे गुडघे गेलेत, ती येत नाही. मोटरसायकलवर मागं मालन बसून आली होती. त्याला काय माहीत आहे आणि काय नाही, मी कधी विचारलं नाही. मला कुणी विचारलेलं आवडत नसे, तेव्हा मीही विचारत नाही.

मी त्याला आत नेऊन सगळं तपासलं. पत्र लिहून, सही करून द्यायला बाहेर आले, तर तो बाकावर बसला होता. एका पायातला बूट आणि मोजा काढलेला, पाय मालनच्या मांडीवर, आणि हा मोबाइलमध्ये डोकं घालून. तिचे केस पिकलेत. तिनं डोळे मिटून घेतले होते, बोटं पावलावर होती, दुसऱ्या तळव्यात टाच धरलेली.

"मावशे, झालं का?"

"थांब," ती म्हणाली. "आजून घावली न्हाई."

त्याच्या पायाची नाडी बोट ठेवल्याबरोबर लागते. मी नुकतीच बघितली होती. मी पत्र घेऊन परत आत गेले आणि पडदा ओढून घेतला.